आपल्या जीपचा मागचा एक्सल

जामसंडे, ता. देवगड
जि. सिंधुदुर्ग

चि. बाबू यास,


फोनवर तू विचारलंस, "आत्ये, अण्णांनी आपल्या जीपच्या मागच्या एक्सलात काय बसवलं होतं गं? मला माझ्या गाडीला तसं काही करायचंय." मी म्हटलं, लिहून कळवते. अण्णा गेल्यापासून त्या जीपबद्दल लोक एकच विचारतात, विकायची का. तुझा प्रश्न ऐकला आणि रात्री झोप लागली नाही.

उत्तर तसं एका ओळीचं आहे. अण्णांनी उघडं डिफरन्शियल काढून चकत्यांचं बसवलं, ज्याला तुम्ही लिमिटेड स्लिप म्हणता. पण का बसवलं आणि कसं बसवलं, हे कळल्याशिवाय तू तिकडे पैसे खर्च करू नयेस म्हणून सविस्तर लिहिते.

आपली जीप म्हणजे महिंद्रची सीजे-३बी. बॉनेट उंच, कारण आतलं हरिकेन इंजिनच उंचीला जास्त. अमेरिकेत ही गाडी १९६८ साली बंद झाली, आपल्याकडे महिंद्रने पुढेही चालू ठेवली. अण्णांनी ती जुनीच घेतली. साल मला नक्की आठवत नाही. पण कागदांवर जिल्हा रत्नागिरी होता, म्हणजे १ मे १९८१ ला सिंधुदुर्ग वेगळा झाला त्याच्या आधीची. विकणाऱ्याने पेट्रोल वाचवायला पुढचा प्रॉपेलर शाफ्ट काढून टाकलेला. त्या काळी बरेच जण तसं करत. त्यामुळे चारही चाकांनी ओढणारी गाडी आपल्याकडे आली ती फक्त मागच्या दोन चाकांवर चालणारी.

आणि बाग कुठे? सड्यावर. तू लहानपणी पाहिली आहेस, पण तेव्हा वाट डांबरी झाली होती. पूर्वी घाटी होती, एका अंगाला गडगा, दुसऱ्या अंगाला घळ. कातळावर सुरुंग लावून खड्डे घेतले, त्यात माती भरून कलमं लावली. पहिली काही वर्षं उन्हाळ्यात त्यांना पाणी द्यावंच लागतं. पाण्याची पिंपं जीपमधूनच वर न्यायची आणि मोसमात आंब्याच्या पेट्या जीपमधूनच खाली आणायच्या. जांभा झिजून सुटी खडी होते, खाली कातळ कठीण, त्यामुळे भर उन्हाळ्यातसुद्धा चाक घसरतं. मृगाचा पाऊस पडून शेवाळ धरलं की विचारूच नकोस. शेवटचा आंबा उतरायचा असतो तो नेमका त्याच दिवसांत.

घाटीच्या वळणावर एक मागचं चाक खडीवर यायचं आणि गरगर फिरायचं. दुसरं चाक चांगल्या कातळावर असून जागचं हलायचं नाही. हे का होतं ते अण्णांनी मला नांगराच्या जुवावरून समजावलं. जू मधोमध बांधलेलं. एका बैलाने जोर सोडला की जू त्या बाजूला फिरतं, दुसरा बैल कितीही तगडा असला तरी नांगर ओढला जात नाही. उघड्या डिफरन्शियलचं तेच. ते दोन्ही चाकांना सारखाच जोर देतं, त्यामुळे घसरणाऱ्या चाकाला जेवढा जोर पेलतो तेवढाच चांगल्या चाकाच्या वाट्याला येतो. इंजिन कितीही ओरडू दे. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं म्हणून ही सोय सुमारे दोनशे वर्षांपूर्वी पेकर नावाच्या फ्रेंच माणसाने वाफेच्या गाडीसाठी केली. रस्त्यावर ती हवीच, घाटीत तीच आडवी येते.

अण्णा म्हणायचे, "गाडी जोरान चढणा नाय गो, चाक जमनीक लागाक व्हया." आम्हाला ते मागच्या कोपऱ्यावर बसवायचे, जे चाक घसरतंय त्याच्या डोक्यावर. तुझे बाबा आणि मी, हातात पिंपाची कडी धरून. पुढच्या वर्षी पिंपं मांडायची जागाच त्यांनी बदलली, वजन थेट एक्सलच्या वर येईल अशी. मग टायरची हवा. रस्त्यावर अठ्ठावीस-तीस पौंड, घाटीच्या पायथ्याशी सोळा-अठरा. टायर पसरतो, खडी धरतो. वर मांगराशी पोचलं की हातपंपाने परत भरायची. या दोन गोष्टींना पैसा लागत नाही, म्हणून त्या आधी.

ट्रकवाले सांगत, हँडब्रेक थोडा ओढून बघा, घसरणारं चाक आवळलं जाईल. पुष्कळ गाड्यांत ते खरं आहे. आपल्या जीपमध्ये नाही. तिचा हँडब्रेक चाकांवर नसून ट्रान्सफर केसच्या मागे, प्रॉपेलर शाफ्टवर आहे. तो ओढला तर डिफरन्शियलच्या आधीच गाडी आवळते, चाकांमधला तंटा तसाच राहतो. म्हणून अण्णा डाव्या पायाने पायब्रेक हलका दाबायचे, उजव्याने एक्सलरेटर. फिरणाऱ्या चाकाला अटकाव झाला की दुसऱ्याकडे जोर जातो. मला गाडी शिकवली तेव्हा आधी हे शिकवलं, रिव्हर्स नंतर. गावात तेव्हा बाईमाणूस जीप चालवत नसे. अण्णांनी त्यावर कधी चर्चा केली नाही, किल्ली माझ्या हातात दिली.

कणकवलीच्या एका मिस्त्रीने सुचवलं, आतले स्टार गिअर वेल्ड करून टाकू, दोन्ही चाकं एकत्र फिरतील, खर्च नाममात्र. खूप जणांनी तसं केलं होतं. अण्णांनी साफ नकार दिला. ही गाडी फक्त घाटीत चालणार नव्हती. पेट्या घेऊन फोंडाघाट चढायची, तिथे डांबरावर वळणामागून वळण. दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरायला लावली की टायर घासतात आणि पीळ बसतो तो एक्सल शाफ्टला. आपल्या जातीच्या जीपला शाफ्टचं टोक निमुळतं असतं, हब त्यावर चावीने बसतो आणि नटाने आवळतो. नट जरा सैल पडला की चावी कापली जाते. शेजारच्या वाडीतल्या वेल्ड केलेल्या जीपचा शाफ्ट भर ओझ्यात तुटला, पेट्या बैलगाडीतून आणाव्या लागल्या. माणूस वाचला हे दिर्बादेवीचे उपकार.

मग एका पावसाळ्यात आंब्याच्या हिशेबासाठी अण्णा मुंबईला गेले. जाताना शाफ्टच्या दात्यांचं माप कागदावर उतरवून नेलं. कुर्ल्याच्या भंगारबाजारात कुठल्यातरी मोडीत निघालेल्या जीपचं चकत्यांचं डिफरन्शियल मिळालं. एसटीने आले, मांडीवर ते धूड गोणपाटात गुंडाळून.

ते बसवलं तो दिवस मला कालच्यासारखा दिसतो. क्राउन आणि पिनियन किती जवळ बसवायचे, हे दात्यांवर रंग लावून बघतात. त्यासाठी अण्णांनी मला दुकानात पाठवून शेंदूर मागवला. आजीला वाटलं मारुतीला वाहायचाय, तिने तबकात फूलसुद्धा ठेवलं. अण्णांनी शेंदूर तेलात कालवला, क्राउनच्या दात्यांना बोटाने लावला आणि मला पिनियन फिरवायला सांगितलं. मग दात्यावर उमटलेला ठसा दाखवला. ठसा दात्याच्या मधोमध यायला हवा. टोकाला आला किंवा मुळाशी आला तर पातळ पत्र्याची चकती वाढवायची किंवा काढायची आणि पुन्हा बघायचं. संध्याकाळपर्यंत हेच चाललं होतं. माझी बोटं आठवडाभर केशरी होती.

दाते मोजायलाही लावले. पिनियनला ८, क्राउनला ४३. म्हणजे पिनियनचे जवळजवळ ५.३८ फेरे झाले की चाक एकदा फिरतं. आणि ८ नि ४३ यांना सामाईक भाजक नाही, म्हणून पिनियनचा प्रत्येक दाता क्राउनच्या प्रत्येक दात्याला भेटतो, झीज सगळीकडे सारखी होते. शाळेत लसावि-मसावि शिकवला होता, पण त्याचा उपयोग मला त्या दिवशी खळ्यात कळला.

आता नीट ऐक. चकत्यांचं डिफरन्शियल दोन्ही चाकं जखडत नाही. आतल्या चकत्या एकमेकींवर दाबल्या जातात आणि घसरणाऱ्या चाकाचा काही जोर दुसऱ्याकडे वळतो. चाक हवेत पूर्ण उचललं गेलं तर तिथेही पायब्रेकची मदत लागते. पण खडीवर, शेवाळावर फरक पहिल्याच दिवशी कळला. आम्हाला कोपऱ्यावर बसावं लागलं नाही. त्याला तेलही वेगळं, चकत्यांना चालणारं, त्यात खास पूरक घातलेलं. साधं घातलं तर वळणावर चकत्या कुरकुरतात. त्या तेलाला गंधकाचा उग्र वास असतो. अण्णांच्या सदऱ्याला तो कायम यायचा.

तुझ्या गाडीबद्दल माझं मत असं. आधी मागचं डिफरन्शियल उघडून बेअरिंगं, जुनी झीज बघ. मागचे दोन्ही टायर एकाच मापाचे, सारखे झिजलेले आणि सारख्या हवेचे ठेव, नाहीतर चकत्या सरळ रस्त्यावरही घासत राहतील. आणि चकत्यांचं डिफरन्शियल असलेल्या गाडीचं एक मागचं चाक जॅकवर उचलून गिअरमध्ये इंजिन कधीही चालू करू नकोस. जमिनीवरचं चाक ओढेल आणि गाडी जॅकवरून निघेल. तुला पूर्ण जखडणारं हवं असेल तर बटण दाबून चालू-बंद होणारं घे. हवेच्या दाबावर चालणारं एअर लॉकर बनवणारी एआरबी कंपनी तुझ्याच मेलबर्नची. इकडे महिंद्रने २०१५ पासून थारच्या मागच्या एक्सलला आपोआप जखडणारं डिफरन्शियल दिलं. अण्णा असते तर शोरूममध्ये गाडीखाली झोपून बघितलं असतं.

बाबू, तू मेसेज इंग्रजी अक्षरांत लिहितोस. वाचायला मला वेळ लागतो, पण त्यापेक्षा मनाला लागतं. हे पत्र मुद्दाम हाताने लिहिलंय. तुला वाचता आलं नाही तर बाबांकडून वाचून घेऊ नकोस, स्वतः एकेक अक्षर लावून वाच. बागेत आता राखणीला नेपाळचे गडी आहेत, चांगली माणसं आहेत, कलमांची नावं तोंडपाठ आहेत त्यांना. आपल्या घरातल्या कुणाला ती येत नाहीत, याचं मला वाईट वाटतं. यंदा मोहोर उशिरा आला, फुलकिड्यांनी त्रास दिला, फवारणीचा खर्च वाढला. दरवर्षी वाटतं, आता पुरे. पण सकाळी सड्यावर गेले की ते विसरते. तिकडे वेळेवर जेवतोस ना? फोनवर चेहरा उतरलेला वाटला.

जीप मी विकणार नाही. ती तुझ्या नावावर करायचं मी ठरवलंय, पण अट एक. एप्रिलमध्ये इथे येऊन तिचा मागचा एक्सल तू स्वतः उघडायचास, तेल बदलायचंस, हबचे नट आवळायचेस. हत्यारं अण्णांच्या पेटीत आहेत, शेंदूर मी आणून ठेवते. रजेचं आत्ताच बघ आणि तिकीट काढलंस की कळव.

तुझी,
आत्या