घड्याळावरचं औषध

डोणगावात देणीघेणी तोंडी लक्षात राहतात. पेरणीला बियाणं दिलं, लग्नात भांडी दिली, की फेडही त्याच जातीची होते. गल्लीतल्या सिस्टरबाईंचं देणं मात्र कुठल्या खात्यात धरावं, ते मला कळत नाही. आयुष्यभर सरकारी नोकरीत पेशंट सांभाळून त्या निवृत्त झाल्यात. घरात देवापेक्षा मोठं भिंतीवरचं घड्याळ.

धाकट्याचे टॉन्सिल अकोल्याला काढले. पातूर, मेडशी, मालेगाव करत घरी आलो. हातातल्या कागदावर लिहिलं होतं, ‘दुखल्यास द्यावे’.

“दुखल्यास म्हंजे कवा व माय?” सिस्टरबाईंनी विचारलं. “पोरगं रडाले लागल्यावर देशीन, तं गिळंन कसं?”

मुद्दा बिनतोड होता. गळा दुखला की लेकरू औषध थुंकतं, पाणी टाळतं. पाणी टाळलं की घसा कोरडा पडून आणखी दुखतो. म्हणून पहिले दिवस दुखो न दुखो, दर सहा तासांनी पॅरासिटामॉल. त्यांनी मुलाचं वजन विचारलं: 20 किलो. किलोमागे 15 मिलिग्रॅम, म्हणजे 300. आमच्या बाटलीत 5 मिलिलीटरला 250, म्हणून 6 मिलिलीटर. हिशेब माझ्यासमोर अकोल्याच्या डॉक्टरांना फोनवर ऐकवला, त्यांच्याकडून होकार घेतला, मगच मापाची सिरिंज हातात दिली. घरात 5 मिलिलीटरला 125 वाली जुनी बाटलीही निघाली. दोन्हींचा रंग सारखा, जोर निम्मा. ती त्यांनी फळीवरून उचललीच.

रात्रीच्या डोसावरून सासूबाईंचं बिनसलं. “झोपलेल्या लेकराले काहून उठोतं?” सिस्टरबाई म्हणाल्या, पहाटे दुखून उठल्यावर मंग कोणीच झोपत नाही. मामंजी त्यांची कंबरदुखीची निमेसुलाइड अर्धी मोडून द्यायला निघाले होते. बारा वर्षांखालच्या मुलांना ती देण्यावर 2011 पासून देशात बंदी आहे, हे त्यांना सिस्टरबाईंनीच सांगितलं, तेही ‘दादा, दादा’ करत.

मामंजींचं एक म्हणणं होतं, लेकराले काय समजते, इसरते ते. हे काही खेड्यातलंच अडाणीपण नव्हे. तान्ह्या बाळांना वेदना फारशा कळत नाहीत, असं 1980 च्या दशकापर्यंत मोठमोठ्या इस्पितळांत मानलं जाई, आणि नवजातांची ऑपरेशनं नावापुरत्या भुलीवर उरकत. इंदूरला डॉक्टरकी शिकून ऑक्सफर्डला गेलेल्या कंवलजित सिंग आनंद यांनी 1987 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये दाखवलं, की वेदनाशामक नीट मिळालेली अपुऱ्या दिवसांची बाळं ऑपरेशनचा ताण जास्त चांगला सोसतात. हे मी पुढे कधीतरी वाचलं. सिस्टरबाईंनी आनंदांचं नाव ऐकलंय की नाही, मी विचारलं नाही.

बरं वाटतंय म्हणेपर्यंत मधेच दुखणं उसळलं. घशात पांढरे चट्टे, वर कान धरून रडणं. मी पू समजून घाबरले, सासूबाई कानात घालायला तेल गरम करू लागल्या. “तेल नको. गळ्याचीच कळ कानात जाते. हे खपलीचं पांढरं हाय. लाल ताजं रक्त दिसलं तं मात्र थांबू नको, अकोला गाठ.” आणि कुल्फी दे म्हणाल्या. ऑपरेशनची हौस वाटावी इतकी कुल्फी त्या पोरानं खाल्ली.

नंतर मी साडी घेऊन गेले. त्यांनी घडीही मोडली नाही. “ते औषध उघडून महिना झाला असंल,” म्हणाल्या, “फेकलं का?”