शेपटीवाली क्रियापदे

इंग्रजीतल्या लांबलचक शब्दांचे भय मला कधी वाटले नाही. ते भारदस्त पाहुण्यांसारखे असतात. एकदा ओळख करून घेतली, की पुढच्या खेपेस तसेच्या तसे भेटतात. मला छळले ते पुट, गेट, टेक, कम असल्या चिमुकल्या क्रियापदांनी. एकेकटी असली की ती गरीब गाईसारखी. पण मागे अप, ऑफ, आउट अशी शेपटी फुटली, की शिंगे उगारून अंगावर येतात. ‘पुट’ म्हणजे ठेवणे, हे खरे. पण ‘पुट ऑन’ केले की कपडे अंगावर चढतात, ‘पुट आउट’ केले की दिवा विझतो, ‘पुट अप’ केले की पाहुणा मुक्कामाला राहतो, आणि त्यालाच ‘विथ’ जोडले की त्या पाहुण्याला मुकाट्याने सोसावे लागते!

आमचे अण्णा कुर्ल्याच्या स्वदेशी गिरणीत साच्यांवर होते. मोडकळीस आलेली धरमसी गिरणी १८८६ साली जमशेटजी टाटांनी घेतली आणि तिला हे नाव दिले. अण्णांची शाळा गावी चौथीतच सुटली होती. कुर्ल्यास आल्यावर ते रात्रशाळेत जाऊ लागले. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला आणि एक वही, एवढे त्यांचे भांडवल. वहीत डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी. पुट म्हणजे ठेवणे. टिल म्हणजे पर्यंत. ‘ऑफ’ मात्र वहीत नव्हता. तो गिरणीने शिकवला होता. बटणावर दोनच शब्द असत, ऑन आणि ऑफ. ऑफ म्हणजे बंद.

एका कचेरीत मदतनिसाच्या जागेसाठी अण्णांना मुलाखतीचे बोलावणे आले. दोन दिवसांनी दुसरे पत्र आले. ते त्यांनी स्वतःच वाचले आणि आईला सांगितले, “मुलाखती चौदापर्यंत बंद आहेत.” पंधरा तारखेस ते इस्त्रीचा सदरा घालून, गिरणीत खाडा करून निघाले. दुपारी परत आले. “जागा भरली,” एवढेच बोलले. त्यानंतर ते रात्रशाळेत गेले नाहीत. वही ट्रंकेच्या तळाशी गेली.

मी नववीत असताना बाईंनी ‘पुट ऑफ’ शिकवले. अर्थ, पुढे ढकलणे. पुढे कधीतरी जन्माचा दाखला शोधताना ट्रंकेत ते पत्र हाती लागले. ‘पुट ऑफ टिल द फोर्टीन्थ.’ मुलाखत चौदा तारखेवर ढकलली होती!

“अण्णा, हे पत्र तुम्ही कुणाला दाखवलं नव्हतं?”

“सगळ्या चाळीला ठाऊक होतं मी इंग्रजी शिकतोय ते. दाखवायचं कोणत्या तोंडानं? तिथला शिपाई म्हणाला, काल यायचं होतं. का ते मला आजवर कळलं नाही.”

मी अर्थ सांगितला. अण्णा बराच वेळ कागदाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “म्हणजे पोरी, शब्द सगळे येत होते मला.”

खरेच येत होते. पुढे मी वाचले, की डॉ. जॉन्सनने १७५५ सालच्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेतच कबूल केले आहे, की परक्यांना सर्वांत मोठी अडचण होते ती या जोडक्रियापदांचीच. ‘फ्रेझल व्हर्ब’ हे नाव रूढ झाले ते लोगन पिअरसॉल स्मिथ यांच्या १९२५ सालच्या पुस्तकामुळे; ते हेन्री ब्रॅडली यांनी सुचवलेले. त्याच वर्षी, ३ फेब्रुवारीला, बोरीबंदरहून विजेची पहिली गाडी कुर्ल्याला आली. गाडी आली, त्या नावाची वार्ता आमच्या चाळीपर्यंत यायला मात्र फार वर्षे लागली.

आणि आपली मराठी काय कमी आहे? भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते आणि वाटही लागते. ‘करून टाकले’ म्हणणारा मोकळा होतो, ‘करून ठेवले’ म्हणणारा निर्धास्त असतो, आणि ‘करून बसला’ म्हटले की बिचारा फसलेला असतो. एखाद्या साहेबाने ‘बसणे’ शब्दकोशात पाहिले, तर त्याला खुर्चीच दिसायची.

आता मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीतच इंग्रजी असते. तरी शेजारची मुले सुटे शब्द पाठ करताना ऐकली, की मी त्यांना थांबवते. म्हणते, शब्द त्याच्या सोबत्यांसकट शिका, अख्खे वाक्य म्हणा.

त्या दिवशी संध्याकाळी अण्णांनी वही बाहेर काढली. पेन्सिलीला टोक केले. शेवटच्या पानावर, इतक्या वर्षांनी, डावीकडे लिहिले ‘पुट ऑफ’ आणि उजवीकडे ‘पुढे ढकलणे’. मग वर पाहून म्हणाले,

“आणखी कोणकोणत्या शेपट्या आहेत गं याला? सांग, लिहून घेतो.”