दाढी, हिजाब आणि डायव्हिंगचा मास्क

मी सुट्टीत मालवणला स्कूबा डायव्हिंगला जातो हे कळले की मुंब्रा-कल्याणकडची आपली माणसे आधी खर्च विचारतात. मग आवाज जरा उतरवून विचारतात, "सर, दाढीचं काय करता? आणि भाभी पाण्यात कशा उतरतात?" प्रश्न चांगले आहेत, म्हणून एकदा सविस्तर उत्तर देतो.

खर्चाचे आधी. सिलिंडर, रेग्युलेटर, हवेचे जॅकेट, शिशाची वजने हे सगळे मालवण-तारकर्लीला भाड्याने मिळते. शिक्षकाच्या पगारात ते विकत घेऊन पोटमाळ्यावर ठेवण्यात अर्थ नाही. माझ्या मालकीची वस्तू एकच, ती म्हणजे मास्क. बाकी सामान साधारण मापात चालून जाते; चेहरा मात्र ज्याचा त्याचा असतो.

मास्क घेताना पट्टा न लावता तो चेहऱ्यावर टेकवायचा, नाकाने हलकेच श्वास आत ओढायचा आणि हात सोडायचा. चिकटून राहिला तर तो आपला. गळून पडला तर कितीही महाग असो, परत ठेवायचा. चष्मा लागणाऱ्यांना नंबरच्या काचाही बसवून मिळतात. माझ्या तशाच आहेत. पोहण्याचा साधा गॉगल इथे चालत नाही, कारण त्यात नाक बाहेर राहते. दहा मीटर खोलीवर दाब जमिनीवरच्या दुप्पट होतो, मास्क चेहऱ्यावर आवळला जातो आणि नाकाने थोडी हवा आत सोडून तो सैल करावा लागतो.

आता दाढी. मास्कची सिलिकॉनची कड नाकाखाली, वरच्या ओठावर बसते. तिथे केस असले की पाणी झिरपते. म्हणजे अडचण मिशीची आहे, दाढी तर कडेच्या खाली राहते. दाढी राखा आणि मिशा बारीक करा, हे आपल्याला लहानपणापासून सांगितलेले आहेच. ती सुन्नत पाण्याखाली अशी उपयोगी पडते. मी निघण्याच्या आदल्या दिवशी ओठावरची मिशी कातरीने अगदी बारीक करतो, बस्स.

हिजाबचा नियमही तोच : कातडी आणि सिलिकॉन यांच्या मध्ये काही नको. कापडी ओढणीची कड मास्कखाली गेली की पाणी शिरणारच. माझी पत्नी डोक्याला घट्ट बसणारा, वेटसूटच्याच कापडाचा हूड घालते आणि त्याची कड मास्कच्या बाहेर ठेवते. वेटसूट मानेपासून घोट्यापर्यंत असतो, त्यावर ती सैल कुर्ता चढवते. ऑस्ट्रेलियात अहेदा झनेट्टी यांनी 2004 साली बुर्किनी तयार केली, तेव्हा त्यांच्यासमोरही खेळ आणि पेहराव यांचा मेळ घालण्याचाच प्रश्न होता. कपडे बदलायला बंद खोली आहे का आणि स्त्री प्रशिक्षक मिळेल का, हे दोन प्रश्न आम्ही बुकिंगच्या वेळीच फोनवर विचारतो. उत्तर "नाही" आले तर दुसरीकडे फोन लावतो.

हे एवढे लिहिण्याचे कारण आहे. किनाऱ्यावर घरच्यांच्या चपला आणि मोबाईल सांभाळत बसलेल्या आपल्या कितीतरी बायका मी पाहिल्या आहेत. त्यातल्या काहींना पाण्याची भीती असेल, पण बऱ्याच जणी फक्त कपड्यांच्या काळजीने बसलेल्या असतात. ती काळजी एका हूडने आणि दोन फोनने मिटत असेल, तर ती मिटवायला हवी.

उतरण्याआधी आम्ही दोघे एकमेकांचे सामान तपासतो : जॅकेट, वजने, बकले, हवा आणि शेवटी वरपासून खालपर्यंत एक नजर. रेग्युलेटरमधून चार श्वास घेताना दाबाच्या काट्याकडे पाहायचे. काटा श्वासागणिक खाली-वर हलला, तर सिलिंडरचा व्हॉल्व्ह पुरता उघडलेला नाही. मदतनीसाने तपासले असले तरी आपण पुन्हा तपासायचे, त्यात कुणाचा अपमान नाही.

परतल्यावर मास्क गोड्या पाण्याने धुवायचा, सावलीत वाळवायचा आणि डबीत ठेवायचा. आमच्या घरी आता अशा दोन डब्या आहेत. एकीवर मराठीत माझे नाव आहे, दुसरीवर पत्नीने उर्दूत आपले लिहिले आहे.