घर सोडणाऱ्यांची घरं

मराठी प्रोटेस्टंट घरात ‘उपासना संगीत’ हे गीतांचं पुस्तक बायबलच्या शेजारी असतं, आणि पुठ्ठा सुटतो तो बहुधा आधी त्याचाच. बाळाच्या बाप्तिस्म्याला ते उघडलं जातं. शब्बाथशाळेत अक्षरओळख होण्याआधीच मुलांना त्यातली कडवी पाठ झालेली असतात. पुढे दृढीकरण, लग्न, नव्या घराची प्रार्थना आणि शेवटी कबरीपाशी उभं राहणं, सगळीकडे तेच पुस्तक. संध्याकाळच्या घरच्या प्रार्थनेत आजी सूर धरते, नातवंडं अर्धे शब्द चुकवत मागून गातात. ख्रिस्ती संस्कार म्हणून जे काही म्हणतात, त्याचा मोठा भाग एवढाच असतो, असं माझं मत आहे. घर मुलाला श्रद्धा देत नाही, देऊ शकत नाही. ते श्रद्धेची बोली देतं. संकटात काय म्हणायचं, जेवायला बसताना कुणाचे आभार मानायचे, मेलेल्या माणसाविषयी कोणत्या शब्दांत बोलायचं, हे त्या बोलीतून अंगवळणी पडतं. त्या बोलीत पुढे खरं बोलायचं की नुसतं पाठ केलेलं म्हणायचं, हे मात्र ज्याचं त्यानं ठरवायचं असतं.

मराठी ख्रिस्ती समाजात हा फरक विसरणं अवघड जावं, कारण त्याच्या आठवणीतली मोठी माणसं मिळालेला संस्कार नाकारूनच मोठी झाली. बाबा पदमनजींनी 1854 मध्ये बेळगावात बाप्तिस्मा घेतला. नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये मुंबईत घेतला, तेव्हा घरदार हादरलं. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्या मागोमाग गेल्या नाहीत. पाच वर्षांनी, स्वतःच्या वाटेनं, त्या ख्रिस्ती झाल्या. त्यांचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचताना जाणवतं की त्यांच्या मनाची गाठ धर्मतत्त्वापाशी सुटली नाही. जात देवानं केली की माणसानं, या प्रश्नापाशी ती सुटली आणि सोवळंओवळं बाप्तिस्म्याच्या आधीच गळून पडलं. अशा माणसांच्या पोटी आणि त्यांच्या आदर्शावर जी घरं उभी राहिली, त्यांच्यापुढे एक पेच कायम आहे. आजोबांनी बापाचं न ऐकता जे निवडलं, ते नातवानं बापाचं ऐकून स्वीकारायचं! वारशात जमीन येते, आडनाव येतं. निर्णय कसा येणार?

यावर आक्षेप ठरलेला आहे. मग लहान मुलाला बाप्तिस्मा देता कशाला, हे लादणंच नव्हे का? मातृभाषाही कुणी निवडत नाही, असं उत्तर बहुतेक जण देतात. ते मला अपुरं वाटतं. मातृभाषा कुणाला स्वर्गनरकाची भीती घालत नाही. धर्म घालू शकतो आणि काही घरांत घालतोही. तेव्हा आक्षेपात तथ्य आहे. पण मंडळ्यांनाही तो ठाऊक आहे आणि त्यावर त्या पूर्वापार भांडत आल्या आहेत. 1970 मध्ये नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं, तेव्हा बालबाप्तिस्मा मानणारे आणि समजत्या वयातलाच बाप्तिस्मा खरा म्हणणारे एका छपराखाली आले. दोन्ही रीती ठेवल्या गेल्या. जिथे बाळाला बाप्तिस्मा दिला जातो, तिथे जाणतेपणी दृढीकरण आहे: पाळकासमोर उभं राहून, आईबापांनी आपल्या वतीनं दिलेला शब्द आता आपला आहे का, हे सांगायचं. व्यवहारात त्याला अनेकदा शाळेच्या परीक्षेची कळा येते, हे खरं. तरी ‘नाही’ म्हणायची जागा विधीतच राखून ठेवलेली आहे, आणि ती वापरणाऱ्या मुलाला जे घर जेवायला वाढतं, त्याचेच संस्कार खरे म्हणावे लागतील.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. पदमनजी काय किंवा टिळक काय, या शिकलेल्या, एकेकट्या माणसांच्या कथा. नगर, जालना या भागांतली बहुसंख्य ख्रिस्ती कुटुंबं महार-मांग वस्त्यांतून आलेली. तिथे अनेकदा घरंच्या घरं मिळून ख्रिस्ती झाली, मग वैयक्तिक निर्णयाचं एवढं कौतुक कशाला? पण नेमकं तिथेच निवड दर पिढीला महाग पडत आली आहे. अनुसूचित जातींविषयीच्या 1950 च्या आदेशात हिंदूंखेरीज पुढे शीख आणि बौद्ध यांचा समावेश झाला, ख्रिस्ती दलितांचा झाला नाही. म्हणजे दाखल्याच्या रकान्यात खरा धर्म लिहायचा की सवलत राखायची, हा प्रश्न त्या घरातल्या मुलापुढे कॉलेजच्या प्रवेशाआधीच येऊन ठेपतो. त्या मुलाची श्रद्धा आयती आहे, असं कुणी म्हणू नये.

अशी घरं मराठीपणापासून तुटतात, हा तिसरा आरोप; त्याला फार वेळ द्यायची गरज नाही. 1616 मध्ये छापलेलं फादर स्टीफन्स यांचं ‘क्रिस्तपुराण’ ओवीत आहे, टिळकांनी अभंग लिहिले, आणि बालकवी ठोंबरे टिळकांच्या घरी मुलासारखे राहिले, ते हिंदूच राहून. लक्ष्मीबाईंनी त्यांच्यावर जीव लावला तो धर्म विचारून नव्हे. ‘उपासना संगीत’ हाती घेतलं की हे सगळं आठवतं. त्यातली कितीतरी गीतं टिळकांची आहेत. 1917 मध्ये त्यांनी अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडली, मिशनच्या चौकटीबाहेर ‘देवाचा दरबार’ मांडला आणि दोन वर्षांनी ते गेले. त्याच मिशननं उभारलेल्या देवळांत रविवारी त्यांचीच गीतं म्हटली जातात.