पाहुण्याचे पाणी

वऱ्हाडात भर उन्हाळ्यात दारी आलेल्या पाहुण्यापुढे आधी गूळ-पाणी येते. पेल्यात पाणी उरले, तर जाणता पाहुणा ते मोरीत ओतत नाही. दारच्या तुळशीला घालतो. तोच गृहस्थ दुसऱ्या दिवशी अकोल्याच्या एखाद्या हॉटेलात उतरतो आणि दहा मिनिटे शॉवर सोडून उभा राहतो. चार-पाच बादल्या पाणी वाहून जाते. बाहेर पडताना कूलर आणि दिवे चालूच राहतात. एकदा हात पुसलेला टॉवेल धुण्याच्या ढिगात पडतो. गृहस्थ बदललेला नसतो. त्याने भाडे मोजलेले असते, एवढेच.

भाड्याने खोली मिळते. पाणी मात्र निर्माण होत नाही. अकोल्याची तहान महानच्या काटेपूर्णा धरणावर, तर अमरावतीची अप्पर वर्धा धरणावर अवलंबून आहे. पूर्णेच्या दोन्ही अंगांना खारपाणपट्टा पसरलेला आहे. तेथे विहीर खोदूनही गोडे पाणी लागेलच, याची शाश्वती नसते. हॉटेलच्या टाकीत चढणारे पाणी त्याच धरणांचे आणि त्याच जमिनीचे. नळाची वाट पाहत हंडे मांडून बसलेल्या वस्तीच्या वाट्यातूनच ते आलेले असते.

श्रावकाच्या गुणव्रतांत अनर्थदंडविरतीला स्थान आहे. ‘रत्नकरंड श्रावकाचारा’त आचार्य समंतभद्रांनी प्रमादचर्येत निष्प्रयोजन भूमी खणणे, पाणी सांडणे, अग्नी चेतवणे आणि वनस्पती तोडणे यांची गणना केली आहे. येथे निषेध वापराचा नाही, निष्प्रयोजनतेचा आहे. स्नान हे प्रयोजन. अंग स्वच्छ झाल्यानंतरही वाहणारी धार हा अनर्थदंड. रिकाम्या खोलीतला कूलर आणि ताटात वाढून घेऊन टाकलेले अन्न यांनाही हाच न्याय लागू होतो. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले. त्यातील २८ टक्के हॉटेले, खानावळी यांसारख्या अन्नसेवा देणाऱ्या ठिकाणांचे होते.

हॉटेलचालकाचे उत्तरदायित्व याहून मोठे आहे. ‘पर्यावरणासाठी टॉवेल पुन्हा वापरा’ अशी चिठ्ठी न्हाणीघरात लावली म्हणजे ते संपत नाही. १९८६ मध्ये अमेरिकेतील पर्यावरणवादी जे वेस्टरवेल्ड यांनी अशाच चिठ्ठ्यांवर टीका करताना ‘ग्रीनवॉशिंग’ हा शब्द वापरला. इतर अपव्यय तसाच ठेवून केवळ धुलाईचा खर्च वाचवणे, हा त्यांचा आक्षेप होता. चिठ्ठीमागे आचरण हवे. गळका नळ त्याच दिवशी दुरुस्त व्हावा. जलशुद्धीकरण यंत्रातून वाया जाणारे पाणी शौचालयाकडे वळवावे. वऱ्हाडाच्या कडक उन्हात छतावर सौर बंब सहज चालतो. अर्धी प्लेट मागणाऱ्याला ती संकोचाविना मिळावी. ओल्या कचऱ्यावर शक्यतो आवारातच प्रक्रिया करावी, असे २०१६ च्या घनकचरा नियमांनीही सांगितले.

या भूमीला आतिथ्याचा धडा नवा नाही. अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे १८७६ मध्ये जन्मलेल्या गाडगेबाबांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी, मुंबई अशा ठिकाणी धर्मशाळा उभ्या केल्या. हजारोंना निवारा देणाऱ्या या पुरुषाजवळ स्वतःसाठी एक मातीचे गाडगे आणि एक खराटा होता. धर्मशाळेत उतरणारा यात्रेकरू आपली जागा झाडून पुढच्याला देतो, कारण पुढे कोणी येणार आहे, हे त्याच्या मनात असते. हॉटेलच्या खोलीतही उद्या कोणी येणारच असते.

म्हणून खोली सोडताना गृहस्थाने क्षणभर थांबावे. नळ बंद आहे का, दिवा विझला आहे का, हे पाहावे. पेल्यात पाणी उरले असेल, तर ते व्हरांड्यातल्या कुंडीत घालावे. घरी तो हेच करतो.