साती आसरा

निपाणीजवळ आमच्या मळ्यातल्या विहिरीच्या काठाला सात दगड मांडलेले आहेत. हळदीकुंकवाचे थर चढून त्यांच्या कडा गोल झाल्यात. वर्षातून एकदा आजी तिथं हिरवा चुडा, खणाची ओटी आणि दहीभाताचा निवद ठेवायची. उन्हाळ्यात अंगणात अंथरुणं पडली की त्याच साती आसरांची, पाण्यातल्या सात देवींची, गोष्ट निघायची.

एका रात्री आसरा भर दुपारी विहिरीवर आलेल्या पोराला आत ओढून न्यायच्या. दुसऱ्या रात्री त्याच आसरा पुरात वाहून गेलेल्या बाळाला तीन दिवस मांडीवर घेऊन बसायच्या आणि कोरड्या अंगानं काठावर आणून ठेवायच्या. मी गोंधळून विचारायचो, “मग त्या चांगल्या का वाईट?”

“असं इचारू नये, बाळा. त्यांचा मान त्यास्नी द्यावा.”

पुढं शार्ल पेरोची 1697 सालची झोपलेल्या राजकन्येची गोष्ट वाचली. बारशाला बोलावलेल्या सात पऱ्यांपुढं सोन्याच्या सात पेट्या मांडलेल्या. आठव्या म्हाताऱ्या परीला सगळेच विसरलेले. तिच्यापुढं पेटी नाही. तिनं शाप दिला. आजी असती तर एवढंच म्हणाली असती, मान चुकला. 1959 साली डिस्नेच्या चित्रपटात हीच परी निव्वळ दुष्ट झाली. 2014च्या ‘मॅलेफिसेंट’नं तिचे कापलेले पंख दाखवले आणि तिचा राग समजून घेतला. एकदा तिला शिक्षा झाली, एकदा माफी मिळाली. दोन्ही वेळा निवाडा तिचाच झाला. आजीच्या गोष्टीत मात्र हिशोब माणसाचा होता. भरल्या पाण्याजवळ तू कसा वागलास?

2019च्या पावसात वेदगंगा यमगर्णीजवळ महामार्गावर चढली. आमचा ऊस तिच्याच पाण्यावर पिकतो. पाणी ओसरल्यावर आईनं काठावर जाऊन तिची ओटी भरली. नदीला कुणी वाईट म्हटलं नाही.

आसरा हा शब्द अभ्यासक अप्सरेशी जोडतात. माझ्या कानाला त्यात निवारासुद्धा ऐकू येतो. ज्या पाण्याचं भय, त्याच पाण्याचा आधार, हे आमच्या बायकांनी एकाच नावात सांभाळलंय. मुलांच्या भल्यासाठी म्हणून त्यातलं भय खरवडून काढलं, तर आधारही पोकळ होईल, असं मला मनापासून वाटतं.

म्हणून लेकीला मी दोन्ही गोष्टी सांगतो, ओढून नेणारी आणि मांडीवर घेणारी. तीही माझाच प्रश्न विचारते. परवा विहिरीकडे निघालो, तर सात दगड दिसताच तिनं आपणहून पायातल्या चपला काढल्या.