उष्टे नको, वाटा हवा



सध्या ‘शेअरिंग इकॉनॉमी’ हा शब्द फार ऐकू येतो. घरात पडून असलेली वस्तू दुसऱ्याच्या कामी यावी, रिकामी खोली भाड्याने जावी, गाडीतली मोकळी जागा कुणाला तरी मिळावी आणि त्यात दोघांचाही फायदा व्हावा, अशी ही कल्पना. २००८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत एअरबीएनबी सुरू झाली, पाठोपाठ उबर आली आणि हा शब्द जगभर रुळला. आपल्याकडे यातली देण्याची बाजू दिसते ती ‘माणुसकीच्या भिंती’च्या रूपात. ‘नको असेल ते द्या, हवे असेल ते घेऊन जा’ असा फलक आणि खाली जुन्या कपड्यांचा ढीग. महाराष्ट्रातल्या कितीतरी शहरांत अशा भिंती उभ्या राहिल्या.

आम्ही श्रीरामपुरात वस्तीपातळीवर काम करतो. काही वर्षांपूर्वी शहरातल्या भल्या माणसांनी आमच्यापुढे प्रस्ताव ठेवला, की अशी एक भिंत तुमच्या विहाराच्या कंपाउंडला करू या. आम्ही नको म्हणालो. त्यांना वाईट वाटले, आपल्यातल्याही काहींना राग आला. ‘गरिबाच्या अंगावर कपडा येत असेल तर तुमचे तत्त्वज्ञान मध्ये कशाला?’ असे आम्हाला विचारले गेले. प्रश्न रास्त आहे. त्याचे नीट उत्तर द्यावे म्हणून हा लेख.

नको असलेल्या वस्तूचा आपला इतिहास

नको झालेली वस्तू खालच्याला देण्याची पद्धत या देशाला नवी नाही. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात शूद्राला उष्टे अन्न आणि जीर्ण वस्त्रे द्यावीत असे सांगितले आहे. चांडाळाला तर प्रेताची वस्त्रे नेमून दिली आहेत. गावगाड्यात हेच महाराच्या वाट्याला ‘हक्क’ म्हणून आले. येसकराने दारोदार फिरून भाकरी गोळा करायची, मेलेले जनावर ओढायचे, मढ्यावरचे कापड घ्यायचे. वस्तूंच्या पुनर्वापराच्या नजरेने पाहिले तर ही व्यवस्था मोठी काटकसरीची होती! शिळी भाकरी वाया जात नव्हती, कापड वाया जात नव्हते, मेलेल्या ढोराचे कातडेसुद्धा वाया जात नव्हते. वाया जात होता तो माणूस.

मार्च १९२७ च्या महाड परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या लोकांना मृत जनावराचे मांस आणि मागून आणलेले उष्टे-शिळे तुकडे सोडायला सांगितले. ते पोट भरलेल्यांना सांगितलेले नव्हते. ज्यांच्या घरात दुसरे अन्न नव्हते त्यांना सांगितले होते, आणि त्यांनी ते ऐकले. त्याच परिषदेतून २० मार्चला हजारो माणसे चवदार तळ्यावर गेली. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात ऑगस्ट १९२३ मध्येच संमत झाला होता, तरी तळ्यातले पाणी आपल्यासाठी बंदच होते. म्हणजे एकाच परिषदेने दोन गोष्टी केल्या. दुसऱ्याच्या घरचे उष्टे नाकारले आणि सगळ्यांच्या मालकीच्या तळ्यातला आपला वाटा घेतला. आमचे सारे म्हणणे या दोन गोष्टींत आहे.

चिंधी तीच, नाते वेगळे

कुणी म्हणेल, मग जुनी वस्तू वापरणे यातच कमीपणा आहे का? मुळीच नाही. भिक्खू संघ टाकून दिलेल्या चिंध्यांपासूनच चीवर शिवत होता. विनयपिटकातल्या चुल्लवग्गात आनंद आणि राजा उदयन यांचा संवाद आहे. राजाच्या राण्यांनी आनंदाला पाचशे वस्त्रे दिली. राजाला संशय आला, एका भिक्खूला एवढी वस्त्रे कशाला? आनंद म्हणाला, ज्यांची चीवरे जीर्ण झाली आहेत त्यांना वाटू. मग जुन्या चीवरांचे काय? त्यांची पांघरुणे करू. जुन्या पांघरुणांचे? गाद्यांचे अभ्रे. जुन्या अभ्र्यांचे? जमिनीवरची बिछायत. मग पायपुसणी, मग धूळ झाडायचे फडके. आणि शेवटी त्या फडक्याच्या चिंध्या कुटून, चिखलात कालवून जमीन सारवू. राजा निरुत्तर झाला.

मढ्यावरचे कापडही चिंधीच आणि चीवरही चिंधीचेच. मग फरक कुठे? चीवर भिक्खूने स्वतःच्या निर्णयाने घेतले होते. शाक्यकुळातला राजपुत्र आणि त्यांचा न्हावी उपाली एकाच प्रकारचे वस्त्र नेसत होते. विहार आणि त्यातल्या वस्तू संघाच्या सामाईक मालकीच्या होत्या, कुणा एकाच्या उपकाराच्या नव्हत्या. महाराला मात्र जन्मावरून ठरवून दिले होते, की दुसऱ्याला जे नको ते तुझे. तेव्हा वस्तू जुनी की नवी हे पाहून भागत नाही. ती हातात येताना मान वर राहते की खाली जाते, हे पाहावे लागते.

विहारातली खोली

भिंत नाकारली म्हणून आम्ही हात बांधून बसलो नाही. आपल्या वस्त्यांत ‘समाजाची भांडी’ ही जुनी रीत आहे. लग्नकार्याला गावातली सार्वजनिक भांडी आपल्याला मिळत नसत, तेव्हा आपल्या आजोबा-पणजोबांनी वर्गणी काढून पातेली, परात, बादल्या, सतरंज्या घेतल्या आणि पंचांच्या ताब्यात ठेवल्या. ज्याच्या घरी कार्य त्याने न्यायच्या, घासूनपुसून परत आणायच्या, फुटले-हरवले तर भरून द्यायचे. परदेशात आता वस्तूंची वाचनालये निघाली आहेत, त्याचे लोक कौतुक करतात. आपली माणसे हे कधीपासून करत होती, फक्त त्याला इंग्रजी नाव नव्हते.

आम्ही तीच रीत पुढे नेली. विहारामागच्या खोलीत भांड्यांशेजारी शिडी, ड्रिल मशीन, दोन शिलाई मशीन, व्हीलचेअर, वॉकर आणि स्पर्धा परीक्षांची पुस्तके आली. काही वर्गणीतून घेतली, काही घरोघरी पडून होती ती लोकांनी आणून दिली. एक वही ठेवली. वस्तू, नेणाऱ्याचे नाव, नेल्याची तारीख, परत केल्याची तारीख. महिन्याला दहा रुपये वर्गणी. ज्याला तेही जमत नाही त्याने दुरुस्तीच्या कामाला तासभर द्यायचा. फुकट काही नाही, आणि विकतही काही नाही.

वस्तीतल्या एका ताईंना कुणीतरी चांगल्या साड्यांचे गाठोडे देऊ केले होते. त्या म्हणाल्या, ‘साडी नको. ज्यांच्या घरी मी धुणी-भांडी करते त्यांचीच साडी नेसून त्यांच्याच दारात कशी जाऊ? मला महिनाभर मशीन द्या.’ मशीन महिन्याऐवजी तीन महिने त्यांच्याकडे राहिले. त्यांनी शाळेचे गणवेश शिवले, प्रत्येक महिन्याची वर्गणी वहीत लिहिली आणि मशीन तेल घालून परत आणले. कपड्यांच्या ढिगातून त्यांना फार तर एक साडी मिळाली असती.

दुसरी गोष्ट एका आजींची. शहरातल्या कॉलन्यांमधून सामानाची पोती येऊ लागली तेव्हा त्यांनी विचारले, ‘बाळांनो, हे देणारे लोक आपल्याकडचं काही नेतील का रे?’ मार्सेल मॉस या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने १९२५ मध्ये लिहिले, की देणे, घेणे आणि परत देणे या तिन्हींवर माणसांचे नाते उभे राहते. ज्याची परतफेड करता येत नाही असे देणे घेणाऱ्याला लहान करते. एम.ए.च्या अभ्यासक्रमात आम्ही हे वाचले होते. आजींनी ते एका वाक्यात विचारले.

तेव्हापासून आमची कसोटी हीच. कॉलनीतून वस्तू आणणाऱ्याला आम्ही सांगतो, की नुसते देऊन जाऊ नका, सभासद व्हा आणि लागेल ते घेऊनही जा. बहुतेक जण हसून निघून जातात. एक गृहस्थ मात्र वडिलांचे हाड मोडले तेव्हा विहारात आले, वहीत सही केली, व्हीलचेअर नेली आणि दोन महिन्यांनी स्वतः आणून दिली. आता ते सभासद आहेत. पण आमची पातेली अजून एकदाही रस्ता ओलांडून पलीकडच्या लग्नात गेलेली नाहीत. शिडी जाते, व्हीलचेअर जाते, स्वयंपाकाचे भांडे जात नाही. कुठल्या वस्तूला जात चिकटते आणि कुठल्या वस्तूला नाही, हे आमची वही वाचून कळते.

विश्वास कुणावर ठेवायचा?

या नव्या अर्थव्यवस्थेचे पुरस्कर्ते सांगतात, की तिचा पाया विश्वास आहे. अनोळखी माणसाला घराची किल्ली द्यायची म्हणजे विश्वास हवाच. पण विश्वास कुणाच्या वाट्याला येतो? अमेरिकेत एअरबीएनबीवर झालेल्या एका प्रयोगात कृष्णवर्णीय वाटणाऱ्या नावांच्या पाहुण्यांना होकार मिळण्याची शक्यता गोऱ्या वाटणाऱ्या नावांपेक्षा १६ टक्क्यांनी कमी आढळली. बाकी मजकूर तोच, फक्त नाव वेगळे. आपल्याकडे प्रा. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरात भाड्याच्या घरांचा अभ्यास केला, त्यातही दलित आणि मुस्लिम नावांना नकार अधिक मिळाले. रिकामी खोली पडून राहिली तरी चालेल, पण त्यांना नको! म्हणजे वस्तू पडून राहण्याचे एक कारण जातही आहे.

आपल्या तालुक्याचेच पाहा. ऑगस्ट २०२३ मध्ये हरेगावात शेळी आणि कबुतरे चोरल्याच्या संशयावरून दलित तरुणांना झाडाला उलटे टांगून मारहाण झाली. साऱ्या महाराष्ट्राने ते पाहिले. जिथे नुसत्या संशयावर माणूस झाडाला टांगला जातो, तिथे ‘शेजाऱ्यावर विश्वास ठेवा, वस्तू वाटून घ्या’ हा उपदेश आधी कुणाला करायचा? मार खाणाऱ्याला की मारणाऱ्याला?

पडून असलेली सर्वांत मोठी वस्तू

आता मुख्य मुद्दा. वापरात नसलेली वस्तू गरजवंताच्या हाती जावी, हे तत्त्व मान्य असेल तर ते कपाटापुरतेच का? श्रीरामपूर तालुक्यात सर्वांत मोठी पडून राहिलेली वस्तू कोणती? जमीन.

याच हरेगावात बेलापूर शुगर कंपनीचा कारखाना होता. १९६१ च्या कमाल जमीन धारणा कायद्याने खासगी साखर कारखान्यांच्या जमिनी सरकारकडे आल्या आणि त्या कसण्यासाठी १९६३ मध्ये महाराष्ट्र राज्य शेती महामंडळ स्थापन झाले. हरेगाव, टिळकनगरचे मळे त्यातलेच. पुढे महामंडळ तोट्यात गेले, मळ्यांवरची शेती आटत गेली, उसाच्या रानात काटेरी झुडपे वाढली. ज्यांच्या जमिनी कारखान्यांनी खंडाने घेतल्या होत्या त्या खंडकऱ्यांच्या वारसांना दीर्घ लढ्यानंतर जमिनी परत मिळाल्या. तो त्यांचा हक्क होता, त्याबद्दल आमची तक्रार नाही. पण त्या मळ्यांवर पिढ्यानपिढ्या राबलेला मजूर, ज्याच्या नावावर कधीच जमीन नव्हती, तो कुठल्या यादीत आहे? मळ्यावरच्या मोडक्या खोलीत राहून तो अजून घरापुरती जागा मागतो आहे.

आपल्या चळवळीने हा प्रश्न फार आधी विचारला. डिसेंबर १९३९ मध्ये याच हरेगावात महार-मांग वतनदारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी वतन जमिनींवरच्या वाढीव कराविरुद्ध आवाज उठवला. १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये त्यांनी मांडले, की शेतजमीन राज्याच्या मालकीची असावी, जातिभेद न करता गावकऱ्यांना सामूहिक शेतीसाठी द्यावी, म्हणजे जमीनदारही राहणार नाही, कूळही नाही आणि भूमिहीन मजूरही नाही. १९५९ मध्ये आणि पुन्हा ६ डिसेंबर १९६४ पासून देशभर दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांचा सत्याग्रह उभारला. पडीक जमीन भूमिहीनांना द्या, ही त्यातली ठळक मागणी होती. लाखो माणसे तुरुंगात गेली. मित्रहो, वापरात नसलेल्या वस्तूचा उपयोग करण्याची याहून मोठी मोहीम आम्हाला माहीत नाही. पण हिला कुणी ‘शेअरिंग’ म्हटले नाही, कारण ही मागणी श्रीमंताच्या अडगळीपाशी थांबत नव्हती, त्याच्या मालकीला हात घालत होती.

मग करायचे काय?

पहिले, आपल्या विहारात एक खोली आणि एक वही सुरू करा. भांडी आहेतच, त्यांच्याशेजारी अवजारे आणि पुस्तके ठेवा. वर्गणी थोडी असू द्या, पण असू द्या, कारण वर्गणी देणारा याचक राहत नाही, मालक होतो.

दुसरे, ‘एक वही, एक पेन’ अभियान आपल्या तरुणांनी उभे केले आहे. हारफुलांऐवजी वह्या-पेन आले आणि ते शाळकरी मुलांच्या हाती गेले. त्याला पुस्तकांची जोड द्या. परीक्षा पास झालेल्याने आपली पुस्तके घरात धूळ खात न ठेवता खोलीत आणावीत आणि महिन्यातून एकदा येऊन शिकवावेही.

तिसरे, बाहेरून कुणी द्यायला आला तर त्याचा अपमान करू नका. चहा द्या, वही पुढे करा, सभासद व्हा म्हणा. झाला तर आपला माणूस, नाही झाला तर नमस्कार.

चौथे, आपल्या तालुक्यात सरकारी, गायरान, महामंडळाची किती जमीन आहे आणि ती कुणाच्या ताब्यात आहे, याची माहिती अधिकारात माहिती मागवा. तलाठ्याकडून सातबारा काढा. कपाटातल्या वस्तूंची यादी करायला एक दुपार पुरते. जमिनीची यादी करायला वर्ष लागेल, पण तीच यादी आपल्या कामाची आहे.

भिंतीवर कपडे टांगणाऱ्यांशी आमचे वैर नाही. त्यांना एवढेच सांगणे आहे, की तुम्हाला नको असलेल्याची यादी तुम्ही केलीत, आता आम्हाला काय हवे त्याची यादी आमच्याकडून घ्या. आणि पुढच्या लग्नसराईत आमची पातेली न्यायला या. घासून परत आणून दिलीत की झाले.